पाय, पंखा आणि न दिसलेला नवरदेव

दिवाळी अंकांसाठी कथा लिहिणं हा माझा जुना उद्योग. राहते टोकियोत, निशी-कसाईला. त्यामुळे अलीकडची बरीचशी शिकवणी इथल्या चित्रपटांकडून आणि पुस्तकांकडून झाली. पुढे मी शेवट बिनदिक्कत सांगणार आहे. रावण मरणार हे ठाऊक असूनही आपण कीर्तनाला बसतोच.

१. नायकाचा मोठेपणा नायकाच्या तोंडी घालू नये

कुरोसावांचा 'इकिरू' (१९५२) परत पाहिला. पडद्यावर पहिल्यांदा दिसतो तो पोटाचा एक्स-रे. वातानाबे या सरकारी बाबूला कर्करोग आहे हे आपल्याला त्याच्या आधी कळतं. आयुष्यभर कागदांवर शिक्के मारलेला हा माणूस मरण्यापूर्वी एका वस्तीतल्या घाण पाण्याच्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग करायची ठरवतो. आता लढाई बघायला मिळणार म्हणून आपण सरसावून बसतो, आणि निवेदक थंडपणे सांगून टाकतो की तो गेला.

चित्रपट मात्र अजून बराच शिल्लक असतो. उरलेला वेळ आपण त्याच्या तसबिरीसमोर बसलेल्या सहकाऱ्यांबरोबर काढतो. उपमहापौर बागेचं श्रेय स्वतःकडे घेतो. तेवढ्यात वस्तीतल्या बायका येतात, काही न बोलता रडतात, आणि साहेब काढता पाय घेतात. मग साके चढत जाते तशी एकेकाची जीभ सैल होते. ज्यांनी त्याची अडवणूक केली, त्यांच्याच तोंडून त्याची चिकाटी तुकड्यातुकड्यांनी बाहेर येते. शेवटी सगळे शपथा घेतात की आपणही असंच जगायचं. पुढच्या दृश्यात ऑफिस पूर्ववत सुरू.

आपल्याकडच्या कुठल्याही तेराव्याला हेच चालतं, तरी आपण कथा लिहिताना नायकालाच बोलायला लावतो. माझ्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या कथेतली तिची सगळी स्वगतं मी काढली. आता तिच्याबद्दल शिपाई बोलतो आणि सून बोलते. सून जरा वाकडंच बोलते, त्यामुळे बाई जास्त उभी राहिली.

२. मांडवात सगळ्यांना बोलावू नये

ओझूंच्या 'लेट स्प्रिंग'मध्ये (१९४९) मुलीचं लग्न हाच विषय आहे. तिला स्थळ येतं, ती नाही म्हणते, बाप तिला राजी करतो, ती नवरीच्या वेषात सजते. लग्न मात्र दिसत नाही. नवरदेवाचा चेहरासुद्धा नाही! तो गॅरी कूपरसारखा दिसतो एवढं ऐकायला मिळतं, बस. शेवटी कॅमेरा राहतो तो रिकाम्या घरी परतलेल्या बापाकडे. कथा बाप-लेकीची आहे, जावयाचं तिथे काय काम?

३. एकच प्रसंग दोनदा सांगता येतो

यावर मी सगळ्यात जास्त विचार केला, कारण 'कोकुहो' (२०२५) मनातून जाईना. शुइची योशिदांची कादंबरी, ली सांग-इल यांचं दिग्दर्शन, लांबी तीन तासांच्या आसपास. नागासाकीच्या याकुझा गुंडाचा पोरका मुलगा किकुओ ओसाकातल्या काबुकी नटाच्या घरी वाढतो. त्या घरचा मुलगा शुनसुके त्याच्याच वयाचा. दोघेही स्त्री-भूमिका करणारे. एकाकडे घराणं, दुसऱ्याकडे गुण. काबुकीची जुनी भाषा माझ्या डोक्यावरून गेली, आणि ते बरंच झालं. शब्द कळत नसल्यामुळे मी हात-पाय बघत बसले.

चिकामात्सुंच्या १७०३ सालच्या 'सोनेझाकी शिंजू' या नाटकात एक विलक्षण जागा आहे. प्रियकर तोकुबेई ओसरीखाली लपलेला, वर ओहात्सु बसलेली, समोर वैरी. बोलायची सोय नाही. ती पाय खाली सोडून विचारते, मरायची तयारी आहे का? तो तिचा घोटा आपल्या गळ्यावरून फिरवून उत्तर देतो.

चित्रपटात हे दोनदा येतं. पहिल्यांदा जखमी गुरू स्वतःच्या मुलाला डावलून ओहात्सुची भूमिका किकुओला देतो. किकुओचे हात इतके थरथरतात की रंग लावता येत नाही. डावलला गेलेला शुनसुकेच त्याला रंगवतो. घराण्याचं रक्त अंगात नसलेला किकुओ म्हणतो की मला आत्ता तुझं रक्त प्यायला हवं होतं. कितीतरी वर्षांनी शुनसुके ओहात्सु होतो. मधुमेहाने त्याचा एक पाय गेलेला आहे. ओसरीखालच्या किकुओच्या हातात येतो तो उरलेला पाय, तोही सडायला लागलेला. नाटकातला प्रश्न तोच, हालचाल तीच. पण आता तो प्रश्न दोन नटांमधला झालेला असतो. यासाठी एकही नवा संवाद लागत नाही. आधीच्या दोन तासांनी ती किंमत मोजून ठेवलेली असते.

बालगंधर्वांची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा चित्रपट परका वाटणार नाही. 'मानापमान'च्या १९११ मधल्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची मुलगी गेली आणि तरी ते रंगभूमीवर उभे राहिले, हा प्रसंग आपण नेहमी रसिकांच्या खुर्चीतून सांगतो. घरात राहिलेल्या आईच्या बाजूने तो कुणी लिहावा असं मला आता वाटतं. 'कोकुहो'ने ते थोडं केलंय: किकुओने टाकलेली मुलगी शेवटी छायाचित्रकार म्हणून त्याच्यासमोर कॅमेरा घेऊन उभी राहते.

४. 'तो म्हणाला, ती म्हणाली' कमी करावं

शिंजुकूच्या सुएहिरोतेई या थिएटरात राकुगो, म्हणजे एकट्याने बसून सांगितलेल्या गोष्टी, ऐकायला जावं. एक माणूस, एक गादी, एक पंखा, एक पंचा. मान इकडे वळली की घरमालक, तिकडे वळली की भाडेकरू. मिटलेला पंखा म्हणजे शेवया खायच्या काड्या. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'त लक्ष्मण देशपांडे एकटे ५२ पात्रं करत, तेव्हा हे आपल्याला नवं नाही. कागदावर मान वळवता येत नाही, म्हणून प्रत्येकाची बोलण्याची ढब वेगळी हवी.

५. मुलाच्या डोळ्यांनी लिहिताना मोठ्यांचं ज्ञान बाहेर ठेवावं

तेत्सुको कुरोयानागींचं 'तोत्तोचान' (१९८१) चेतना सरदेशमुख गोसावींच्या अनुवादामुळे आपल्या घराघरात आहे. लहानपणी मला त्यातले रेल्वेच्या डब्यांतले वर्ग आवडले होते. या वेळी स्टेशनवरचं कॅरमेलचं यंत्र दिसलं: पैसे टाकले की गोळ्या यायला हव्यात, पण यंत्र कायम रिकामं. युद्धाने देशाची काय अवस्था केली हे मला लेखिकेच्या सांगण्यापेक्षा त्या यंत्रातून जास्त कळलं. पोरगी यंत्रात पैसे टाकून बघते, एवढंच.

(न आवडलेल्यातूनही शिकता येतं. 'परफेक्ट डेज'मधला शौचालयं साफ करणारा हिरायामा मला आवडला, कोजी याकुशोंचा अभिनय तर फारच. पण ती शौचालयं आधीपासूनच चकाचक असतात. कष्टाची कथा असेल तर घाण दिसली पाहिजे.)

६. मसुदा सपाट आवाजात वाचावा

हामागुचींच्या 'ड्राइव्ह माय कार'मध्ये (२०२१) दिग्दर्शक काफुकु हिरोशिमात चेकॉव्हचं 'अंकल वान्या' बसवतो. नट वेगवेगळ्या भाषांचे, एक जण खुणांच्या भाषेत बोलणारी. वाचनात भाव आणायला सक्त मनाई. मी हे घरी करून पाहते: साताऱ्याच्या बहिणीला फोनवर रेल्वेच्या उद्घोषणेसारखं वाचून दाखवते. आवाज चढवल्याशिवाय जे वाक्य उभं राहत नाही, त्यावर काट.

याच चित्रपटात श्रेयनामावली सुरू होते ती साधारण चाळीस मिनिटांनी. ती चैन मात्र मी करणार नाही. दिवाळी अंकाचा वाचक पहिल्या पानावर रमला नाही, तर पान उलटून सरळ राशिभविष्याकडे जातो.