प्रगती अहवालात काय असावे?

प्रगती अहवाल म्हणजे कामाच्या सद्यःस्थितीचे लेखी निवेदन होय. माहिती कोणत्या तारखेची आहे, उद्दिष्ट व मुदत, मंजूर तरतूद, झालेला खर्च, प्रत्यक्ष काम, अडचणी आणि पुढील टप्पा या बाबी त्यात अवश्य असाव्यात. खर्चाचे व कामाचे आकडे शेजारी-शेजारी द्यावेत. कारण खर्च झाला म्हणजे काम झाले, असे नव्हे.

तथापि, एवढ्याने अहवाल पूर्ण होत नाही. सौंसरवरून जाणाऱ्या नागपूर–छिंदवाडा रेल्वेमार्गाचेच उदाहरण घ्यावे. सुमारे १५० किलोमीटरचा हा नॅरोगेज मार्ग ब्रॉडगेज करण्यासाठी २०१५ मध्ये बंद झाला. दोन्ही टोकांकडील टप्पे आधी तयार झाले. भिमालगोंदी ते भंडारकुंड हा घाटातील टप्पा मात्र २०२१ मध्ये पुरा झाला. अशा मधल्या काळात ‘बहुतांश काम पूर्ण’ हे विधान खरे असले, तरी सौंसरहून छिंदवाड्यास जाऊ इच्छिणाऱ्या प्रवाशास त्याचा उपयोग नसतो. कोणता टप्पा राहिला, का राहिला, तो केव्हा पुरा होईल आणि आज गाडी कोठवर जाते, हे त्याला हवे असते.

पांढुर्णा व सौंसर या तहसिली मिळून २०२३ मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्यात कामकाजाची घडी बसवितानाच ही शिस्त अंगी बाणवणे हिताचे ठरेल. उणीव झाकणारा अहवाल वरिष्ठांस क्षणभर समाधान देतो. उणीव वेळीच दाखविणारा अहवाल मात्र काम तडीस नेतो.