समाजमाध्यमांवरील ओळख आणि आपली मुले

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर इयत्ता दहावीच्या वर्गात आम्ही एक लहानसा उपक्रम घेतला. प्रत्येक विद्यार्थ्यास दोन कोरे कागद दिले. वसतिगृहात नव्याने रुजू झालेल्या अधीक्षकांना आपण स्वतःची ओळख कशी करून द्याल, ते पहिल्या कागदावर लिहावयाचे होते. इन्स्टाग्रामवर आपल्या नावाखाली जो मजकूर आहे, किंवा खाते नसल्यास जो असावा असे वाटते, तो दुसऱ्यावर लिहावयाचा होता. इन्स्टाग्राम त्या मजकुरास १५० अक्षरांची मर्यादा घालते. तीच आम्हीही घातली. शाळेत मोबाइल वापरण्यास बंदी आहे, तरीही दुसरा कागद लिहिताना बहुतेकांना विचार करावा लागला नाही.

पहिल्या कागदांवर गाव, आईवडिलांचे काम, आवडता विषय अशी माहिती आली. दुसऱ्या कागदांवर गाव क्वचितच होते आणि आईवडील जवळजवळ नव्हतेच. तेथे वाढदिवसाची तारीख होती, क्रिकेट होते, बुलेट होती, ‘नाद खुळा’ होते, आणि पुष्कळ ठिकाणी निळ्या रंगाने काढलेले हृदय होते. या दोहोंतील खरा कागद कोणता, असे आम्ही विचारले. मागील बाकावरून उत्तर आले, “सर, दोन्ही खरे. वाचणारे वेगळे आहेत.”

हे उत्तर आम्हांस पुष्कळ शिकवून गेले. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने हाच विचार ज्या ग्रंथात मांडला, तो प्रथम १९५६ साली एडिनबरो येथून प्रसिद्ध झाला. (आपल्याला ते साल वेगळ्या कारणाने पाठ आहे, हा निव्वळ योगायोग.) मनुष्य चारचौघांत वावरताना रंगमंचावरील नटाप्रमाणे आपली प्रतिमा सांभाळतो आणि पडद्यामागे गेला की सैलावतो, असे गॉफमन म्हणतो. वसतिगृहात राहिलेल्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. सकाळच्या वंदनेत डोळे मिटून बसलेला मुलगा आणि दिवे मालवल्यावर अधीक्षकांची नक्कल करणारा मुलगा एकच असतो, आणि त्याला कोणी ढोंगी म्हणत नाही.

म्हणून मुले समाजमाध्यमांवर ‘खोटी’ ओळख उभी करतात, ही पालकसभेत वारंवार ऐकू येणारी तक्रार आम्हांस तितकीशी पटत नाही. ओळख जाणीवपूर्वक घडविणे आपल्या समाजाला तरी नवीन नाही. ज्या घरांत कचरू, धोंडू, दगडू अशी नावे होती, त्याच घरांत धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा आले. अनेकांनी शासकीय राजपत्रात रीतसर प्रसिद्धी देऊन आडनावे बदलली. आणि स्टुडिओत टांगलेला कोट अंगावर चढवून काढलेले आजोबांचे ते छायाचित्र? तो कोट आजोबांचा नव्हता. परंतु त्या छायाचित्रातील ताठ मान त्यांचीच होती.

मग फरक कोठे आहे? आजोबांचे छायाचित्र घरात येणाराच पाहत असे. मोबाइलच्या पडद्यावर मात्र मित्र, मामा, शिक्षक, गावातील विरोधक आणि अनोळखी माणसे एकाच ओळीत बसलेली असतात. डाना बॉइड या अमेरिकन अभ्यासिकेने किशोरवयीनांच्या अशा जीवनाविषयी २०१४ साली ग्रंथ लिहिला. त्यात निरनिराळ्या श्रोत्यांची ही सरमिसळ हा महत्त्वाचा मुद्दा आहे. मुलांनी यावर आपापला उपाय शोधला आहे. एक खाते नातेवाइकांसाठी, दुसरे सात-आठ जिवलगांसाठी. दुसरे खाते सापडले की पालक हादरतात. आमच्या मते ते बहुधा पडद्यामागची खोली असते. तिचे दार नीट लागते का आणि आत कोण आहे, एवढे विचारणे पुरेसे.

दुसरा फरक अधिक खोल आहे. फेसबुकवर २००९ मध्ये ‘लाइक’चे बटन आले आणि पसंती मोजता येऊ लागली. आमच्या एका विद्यार्थिनीने प्रांजळपणे सांगितले, की तासाभरात पुरेशी पसंती न मिळालेले छायाचित्र ती काढून टाकते. तिच्या खात्यावर काय उरते, याचा विचार करावा. वाचनालयातील छायाचित्र गेले, कबड्डीच्या संघातील गेले. राहिली ती सणासुदीच्या पोशाखातील. आपण कोण आहोत हे तिने ठरविले असे तिला वाटते, परंतु त्यातील मोठा भाग मोजणाऱ्या यंत्राने आणि पाहणाऱ्यांनी ठरविला आहे. ज्यावर अधिक बोटे थांबतात ते यंत्र पुढे ढकलते, आणि मूल हळूहळू त्याच दिशेस सरकते.

आमच्या मुलांच्या बाबतीत याहून एक अवघड गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी स्मरणिकेत मोकळेपणाने लिहावे असे आम्हांस वाटते. येथून उत्तीर्ण होऊन शहरातील महाविद्यालयात गेलेल्या एका विद्यार्थ्याने पहिल्याच महिन्यात आपल्या खात्यावरून आडनाव काढून टाकले. आडनाव ऐकल्यावर वर्गमित्र प्रवेशपरीक्षेचे गुण विचारीत. इतरांना कोणी विचारीत नसे. त्याने येथील छायाचित्रे काढली आणि १४ एप्रिलची तर सर्वांत आधी काढली. त्याच तुकडीतील दुसऱ्याने नेमके उलट केले. नावाआधी ‘जय भीम’, छायाचित्रामागे निळा रंग, आणि कोणी हीन लिहिले की रात्र रात्र उत्तरे.

शिक्षकखोलीत यावर आमचा बराच वाद झाला. पहिल्याने आपल्या माणसांकडे पाठ फिरविली, असे काहींचे म्हणणे होते. ज्यांनी स्वतः शहरात भाड्याची खोली शोधताना आडनाव हळू आवाजात सांगितले होते, ते गप्प राहिले. शेवटी आम्ही दोघांशीही बोललो. पहिल्यास बोल लावण्याचा अधिकार आम्हांस नाही. ओझे त्याने निर्माण केलेले नाही. परंतु लपविण्याला सतत पहारा द्यावा लागतो. चुलतभावाने छायाचित्रात नाव जोडले, आत्याने खाली ‘जय भीम बाळा’ लिहिले, की त्याचे काळीज धडधडते. आत्याचा आशीर्वाद पुसावा लागतो. हे त्यानेच आम्हांस सांगितले. दुसऱ्याचा स्वाभिमान आम्हांस प्रिय आहे. तरी प्रत्येक शिवीला उत्तर दिल्याने यंत्र तसाच मजकूर त्याच्यापुढे अधिक आणते आणि त्याचा दिवस शिवी देणाऱ्याच्या हाती जातो, हे त्याला पटावयास एक सत्र वाया जावे लागले.

अशा प्रसंगी कायदा काय म्हणतो, तेही ठाऊक असावे. जातीवरून केलेला ऑनलाइन अपमानही अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. अशा मजकुराचे पडद्यावरील चित्र तारखेसह जपून ठेवावे. दुसऱ्याचा पासवर्ड वा तत्सम ओळखचिन्ह कपटाने वापरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नव्हे, ६६-सी खाली गुन्हा आहे. पालक या दोन कलमांत नेहमी गल्लत करतात. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० हा क्रमांक आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक असून तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती लागते. ती संमती देणाऱ्याने आपले मूल कोणत्या नावाने तेथे वावरते, एवढे तरी विचारून घ्यावे.

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांना पाठविलेल्या अर्जात आम्ही ‘छापावयाचे नाव’ असा वेगळा रकाना मुद्दाम ठेवला होता. कोणी पूर्ण नाव दिले, कोणी आईचे नाव मध्ये घातले, कोणी आडनाव गाळले, एकाने गाळलेले आडनाव नंतर दूरध्वनी करून पुन्हा घालावयास सांगितले. आम्ही कोणासही कारण विचारले नाही. शेवटच्या पानांवरील यादीत काही नावे हजेरीपटातील नावांशी जुळणार नाहीत. ती मुद्रणदोष समजू नयेत.