मोडीच्या भावापलीकडे

१. काट्यावर कळतो तो फक्त मोडीचा भाव. बारामतीच्या बाजारात जुनं ताट दिलं की ते तोललं जातं, किलोचा दर लागतो आणि विषय संपतो. ताट हातात घेऊन, वाजवून, उलटं करून पाहणारा हवा.

२. धातू कानाने ओळखता येतो. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ, कथील मिसळलं की कासं. चांगल्या काशात कथील साधारण २२ टक्के, म्हणून टिचकी मारली की नाद रेंगाळतो. पितळ लवकर गप्प होतं. पण हेच कासं आपटलं तर तडकतं. पिढ्यान् पिढ्या अखंड राहिलेली काशाची वाटी म्हणजे किती हातांनी तिला जपलं असेल! तूप लावून तळपाय घासताना तिच्या बुडाला आलेली झिलई मला नव्या पॉलिशपेक्षा मोलाची वाटते.

३. ताटाच्या काठावरचं नाव आधी वाचावं. इंदापूर तालुक्यात तर त्याला फारच अर्थ आहे. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं आणि काठची गावं पाण्याखाली गेली. जुनं पळसदेव त्यातलंच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ अजून उघडं पडतं. माणसं उठली, भांडी सोबत गेली. आहेराच्या ताटावर देणाऱ्याचं नाव, कधी गाव, कधी सालही टोचलेलं असतं. बुडालेल्या गावाचं नाव असं टिंबाटिंबांनी लिहिलेलं दिसलं की वजनाचा हिशोब मला क्षुद्र वाटतो. आणि ताट कोरं दिसावं म्हणून कुणी ते नाव घासून टाकलं, की जीव तुटतो. टिंबांच्या कडा बोथट आणि आत मळ बसलेला असेल तर नाव बहुधा जुनं. कडा धारदार असतील तर शंका घ्यावी.

४. पितळी ताटात आतून कल्हईचा माग असेल तर ते जेवणाचं. कल्हईशिवाय आंबट कळकतं, हे प्रत्येक आजीला ठाऊक होतं.

५. चिनी मातीची बशी असेल तर मागचा शिक्का पाहावा. ‘ऑक्युपाइड जपान’ म्हणजे महायुद्धानंतरचा माल, १९५२ पर्यंतचा. केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही, टिचकीच्या बद्द आवाजात कळते.

६. पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास असल्याच घरगुती वस्तू जमवायला घेतल्या; १९७५ मध्ये तो सारा संग्रह शासनाला दिला. तो पाहिल्यापासून मी जुनी भांडी विकणाऱ्या मावशींना विचारतो: हे कुणाच्या लग्नातलं, कुठल्या गावचं? उत्तर चिठ्ठीवर लिहून ताटासोबतच ठेवतो.