चवदार तळ्याचा दावा : निकालाने काय दिले, काय राखून ठेवले

महाडचा २० मार्च १९२७ हा दिवस आपल्या घराघरांत माहीत आहे. त्याच तळ्यासंबंधीचा १७ मार्च १९३७ हा दिवस मात्र क्वचितच कुणाच्या स्मरणात असतो. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या दाव्याचा अंतिम निकाल दिला. हा निकाल विद्यार्थ्यांनी केवळ विजयवार्ता म्हणून न वाचता कायद्याचा पाठ म्हणून वाचावा, असे आम्हांस वाटते.

सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ सालीच संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही पुढे तसा ठराव केला. ठराव झाले, पण पाणी मिळाले नाही. सत्याग्रहानंतर १२ डिसेंबर १९२७ रोजी काही सवर्ण रहिवाशांनी डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा गुदरला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे येऊ न देण्याची अनादी वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोनच दिवसांत त्यांना तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. तो उठायला २३ फेब्रुवारी १९२८ उजाडले, आणि दाव्याचा शेवट व्हायला नऊ वर्षांहून अधिक काळ गेला. डिसेंबरच्या परिषदेत तळ्यावरील सत्याग्रह तहकूब करावा लागला, तो या हुकुमामुळेच.

महाडच्या न्यायालयाने १९३१ मध्ये दावा फेटाळला, त्याचे कारण मननीय आहे. वहिवाट असल्याचे त्याने मानले. परंतु एका वर्गाने सार्वजनिक तळे वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्यावरून पहिल्या वर्गाला कायदेशीर हक्क प्राप्त होत नाही, असे म्हटले. आमच्या मते संपूर्ण खटल्यातील हे सर्वांत मोलाचे विधान होय. ठाण्याच्या अपील न्यायालयाने वेगळी वाट घेतली : वहिवाट अनादी असल्याचे सिद्धच झालेले नाही. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी याच मताला दुजोरा दिला.

दावा जिंकला तो पुराव्याच्या अभावावर. अशी वहिवाट सिद्ध झाली असती तर ती अवाजवी वा लोकहितविरोधी ठरली असती का, या प्रश्नात शिरण्याची न्यायालयाला गरज पडली नाही. तो प्रश्न खुलाच राहिला. त्याचे उत्तर संविधानाने दिले. अनुच्छेद १३ ने मूलभूत हक्कांशी विसंगत रूढी शून्य ठरविली, अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख झाला आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. रूढी किती जुनी, ही चौकशीच त्यामुळे निरर्थक झाली.

हा दावा तीन न्यायालयांत लढणारे प्रतिवादी स्वतः बॅरिस्टर होते. ज्याच्याकडे वकिलाची फी नाही, त्याचे काय? यासाठी अनुच्छेद ३९-अ १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये झाला. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, अपंग व कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींमधील बौद्धही अनुसूचित जातींत मोडतात, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. अर्ज तालुका किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात करावा. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीनेही माहिती मिळते. दाव्याचे समन्स किंवा मनाईहुकुमाची नोटीस हाती पडली, की त्याच आठवड्यात जावे. महाडचा मनाईहुकूम दोन दिवसांत निघाला होता आणि उठायला दहा आठवडे लागले होते.