घरचे अन्न आणि खाणावळीचे ताट : खर्चाचा खरा हिशेब

१. प्रश्नाचे स्वरूप

चेन्नईच्या बंदरालगत, उच्च न्यायालयाच्या उत्तरेस, जॉर्ज टाउन हा जुना व्यापारी विभाग पसरलेला आहे. मिंट स्ट्रीट, तंबू चेट्टी स्ट्रीट, गोविंदप्पा नायकन स्ट्रीट ह्या रस्त्यांवर आणि त्यांना फुटलेल्या अरुंद गल्ल्यांत घाऊक दुकाने, पेढ्या व वखारी दाटीने उभ्या आहेत. येथील सोन्याचांदीच्या बाजारात मराठी बोलही कानी पडतात. जुने सोने वितळवून त्यातील हीण वेगळे काढण्याच्या धंद्यास गलाई म्हणतात. सांगली जिल्ह्याच्या खानापूर व आटपाडी ह्या दुष्काळी तालुक्यांतील अनेक कुटुंबे ह्या धंद्यानिमित्त भारतातील शहरोशहरी जाऊन राहिली आहेत.

गावी घर आणि परमुलखात एक खोली, अशा स्थितीतील कारागिरापुढे एक प्रश्न रोज उभा राहतो : खोलीवर भात शिजवावा, की खाणावळीत जाऊन जेवावे? घरचे जेवण स्वस्त, हे उत्तर बहुधा विचार न करताच दिले जाते. ते कितपत खरे आहे, हे तपासावयाचे तर प्रथम खर्च कशास म्हणावे ते ठरविले पाहिजे.

२. खर्चाचे तीन भाग

कोणत्याही ताटाच्या खर्चाचे मुख्य भाग तीन : जिन्नस, इंधन आणि श्रम. खाणावळीच्या दरात हे तिन्ही असतात. शिवाय जागेचे भाडे, मालकाचा नफा आणि कर असतो. १५ नोव्हेंबर २०१७ पासून सर्वसाधारण उपाहारगृहांच्या बिलावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जाऊ लागला. घरच्या हिशेबात मात्र बहुधा फक्त वाण्याचे व भाजीवाल्याचे पैसे धरले जातात. एका पारड्यात पुरे माप आणि दुसऱ्या पारड्यात अर्धे, अशी ही तुलना होते.

जिनसांच्या बाबतीत खाणावळवाल्यास एक लाभ असतो. तो घाऊक दराने माल घेतो, एकटा माणूस किरकोळ दराने. जॉर्ज टाउनमधील कोतवाल चावडीचा घाऊक भाजीबाजार १९९६ साली कोयंबेडू येथे हलविण्यात आला. तेव्हापासून ह्या भागातील रहिवाशाला घाऊक भावाची भाजी हवी असल्यास शहराच्या दुसऱ्या टोकाकडे जावे लागते. पाव किलो वांग्यांसाठी तसे कोणी जात नाही.

३. इंधनाचे गणित

एक लिटर पाणी ३० अंशांपासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास सुमारे २९३ किलोज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम स्वयंपाकाच्या वायूपासून सुमारे ४६ किलोज्यूल उष्णता मिळते. शेगडीची कार्यक्षमता ६८ टक्के धरल्यास त्यांतील सुमारे ३१ किलोज्यूलच भांड्यास पोचते. म्हणजे लिटरभर पाण्यास उकळी आणण्यासाठी साडेनऊ ग्रॅमांच्या आसपास वायू पुरतो.

खरी उधळपट्टी उकळी आल्यानंतर होते. १०० ग्रॅम पाण्याची वाफ होऊन ती उडून गेली, तर तिच्याबरोबर सुमारे २२६ किलोज्यूल उष्णता जाते. लिटरभर पाणी तापविण्यास लागलेल्या उष्णतेच्या तीनचतुर्थांशाहून ही अधिक आहे. पाण्याला उकळी फुटल्यावर आच वाढविल्याने त्याचे तापमान वाढत नाही, केवळ वाफ अधिक निघते. म्हणून भांड्यावर झाकण ठेवावे, उकळी येताच आच मंद करावी आणि डाळ आधी भिजवावी. दाबाच्या पात्रात, म्हणजे कुकरमध्ये, पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते. त्यामुळे डाळ लवकर शिजते आणि वाफही फार वाया जात नाही.

मोठ्या भांड्याचा लाभही येथेच कळतो. भांड्याचा आकार वाढला की त्यात मावणारे अन्न ज्या प्रमाणात वाढते, त्या मानाने उष्णता गमावणारा पृष्ठभाग कमी वाढतो. ह्यामुळे चौघांच्या भातास एकाच्या भाताच्या चौपट वायू लागत नाही.

४. एकटा आणि चौघे

आता एक उदाहरण घेऊ. ह्यातील दर, वायूची मापे व वेळ ही हिशेबाच्या सोयीसाठी गृहीत धरली आहेत. वाचकाने त्यांच्या जागी आपल्या गल्लीतील दर व आपल्या घरचे अनुभव घालावेत.

एका जेवणास १५० ग्रॅम तांदूळ (किलोस ६० रुपये), ४० ग्रॅम तूरडाळ (१६० रुपये), १५० ग्रॅम भाजी (५० रुपये), १५ ग्रॅम तेल (१६० रुपये), १०० ग्रॅम दही (८० रुपये) आणि ३ रुपयांचे मीठमसाले लागतात, असे धरले तर जिनसांचा खर्च ३६ रुपये ३० पैसे होतो. वायूचा दर किलोस ६५ रुपये समजू. एकट्यास ६० ग्रॅम आणि चौघांस मिळून १२० ग्रॅम वायू लागतो असे मानू. एवढाच हिशेब केल्यास एकट्याचे जेवण सुमारे ४० रुपयांस आणि चौघांपैकी प्रत्येकाचे सुमारे ३८ रुपयांस पडते. खाणावळीत करासह ९० रुपये द्यावे लागत असतील, तर खोलीवरचे जेवण निम्म्याहून कमी खर्चाचे दिसते.

पण बाजार, चिरणे, शिजविणे व भांडी घासणे ह्यांस एकट्यासाठी ७५ मिनिटे आणि चौघांसाठी १२० मिनिटे लागतात. तासाचे मोल ६० रुपये मानल्यास एकट्याच्या ताटावर ७५ रुपयांचे आणि चौघांपैकी प्रत्येकाच्या ताटावर ३० रुपयांचे श्रम पडतात. खाणावळीत जाण्यायेण्याची व खोळंब्याची १५ मिनिटेही धरली पाहिजेत. त्यांचे १५ रुपये.

म्हणजे एकट्याचे स्वतः रांधलेले जेवण ११५ रुपयांस, चौघांनी मिळून रांधलेले ६८ रुपयांस आणि खाणावळीतले १०५ रुपयांस पडते. एकट्यास खाणावळ किंचित स्वस्त, चौघांस चूल पुष्कळच स्वस्त. हा फरक मुख्यतः श्रम किती ताटांत विभागले गेले, ह्यामुळे पडला आहे. ज्याच्या रिकाम्या तासाची मजुरी होऊ शकत नाही, त्याला हे मोल कमी धरता येईल. परंतु भट्टीसमोर दिवसभर उभे राहिलेल्या माणसाची विश्रांती फुकट असते, असे मात्र म्हणता येणार नाही.

५. जे श्रम मोजले जात नाहीत

कुटुंबवत्सल घरात हाच प्रश्न अधिक गंभीर होतो. भारत सरकारच्या २०१९-२० च्या आर्थिक पाहणीत थाळीच्या अर्थशास्त्रावर एक प्रकरण होते. पाच माणसांच्या कुटुंबास प्रत्येकी दोन शाकाहारी थाळ्या देण्यासाठी २००६-०७ मध्ये कामगाराच्या रोजच्या कमाईचा सुमारे ७० टक्के भाग लागत असे. २०१९-२० मध्ये तो सुमारे ५० टक्क्यांवर आला, असे त्यात मांडले होते. ह्या थाळीच्या किमतीत जिन्नस व इंधन होते; रांधणाऱ्या हातांचे मोल नव्हते.

ते हात कोणाचे, हे २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीवरून कळते. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या विनावेतन कामास दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देत होत्या, तर ते करणारे पुरुष ८८ मिनिटे. ह्यात स्वयंपाकाखेरीज इतर घरकामही आले. वरच्या उदाहरणातील चौघांच्या जेवणाचे दोन तास दिवसातून दोनदा धरले, तर महिन्याकाठी ७२०० रुपयांचे श्रम होतात. घरखर्चाच्या वहीत ही रक्कम कधीच चढत नाही.

हेच काम घराबाहेरच्या माणसांसाठी केले की त्यास दर येतो. मुंबईच्या गिरणगावात खाणावळवाल्या बायकांनी गिरणी कामगारांना जेवू घालून आपले संसार चालविले. प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली स्थापिलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने त्यांना संघटित केले व बँकेचे कर्ज मिळवून दिले. पोळी तीच, आमटी तीच. घरी शून्य असलेले मोल खाणावळीत रुपयांत मोजले गेले.

६. दर म्हणजे खर्च नव्हे

ह्याच्या उलट प्रकारही चेन्नईत पाहावयास मिळाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये तेथे ‘अम्मा उणवगम’ ही स्वस्त भोजनालये सुरू झाली. इडली १ रुपयास, सांबारभात ५ रुपयांस व दहीभात ३ रुपयांस, असे दर तेव्हा ठरविण्यात आले. तांदूळ, वायू आणि रांधणाऱ्या स्त्रियांचे वेतन ह्यांचा खर्च त्या दरात भागणे शक्यच नव्हते. उरलेला भार सार्वजनिक निधीने उचलला. ग्राहकाने दिलेला दर आणि पदार्थास आलेला खर्च ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमी दराचा भार जसा निधी उचलू शकतो, तसाच तो घरातील एखादे माणूसही मुकाट्याने उचलत असते.

ज्यास स्वतःचा निर्णय करावयाचा असेल, त्याने सात दिवस एक वही ठेवावी. जिन्नस, वायू, नासून टाकलेले अन्न आणि लागलेली मिनिटे असे चार रकाने पाडावेत, आणि मिनिटांच्या रकान्यात ती ज्याने दिली त्याचे नाव लिहावे. आठव्या दिवशी बेरीज केली असता घर स्वस्त की खाणावळ, हे तर कळेलच. परंतु ते स्वस्त कोणाच्या श्रमावर झाले, हेही त्याच पानावर वाचता येईल.