बॅटरीवरचे ग्लायडर कसे जुळवतात व कसे उडवितात

ग्लायडर म्हणजे इंजिन न लावता वाऱ्यावर तरंगणारे विमान. त्याचे पंख लांब आणि अंग हलके असते. जर्मनीतील ओटो लिलिएंथाल यांनी करकोच्यासारख्या मोठ्या पक्ष्यांचे पंख पाहून अशी ग्लायडरे केली व स्वतः टेकडीवरून उड्या घेतल्या. 1896 साली ते अशाच एका उड्डाणात पडून वारले. आपल्याकडे पुण्यात हडपसरच्या धावपट्टीवरूनही माणसे बसणारी ग्लायडरे अनेक वर्षे उडाली. ती दोरीने ओढून वर नेत. पण मी सांगणार आहे ते ग्लायडर छोटे आहे. त्यात माणूस बसत नाही. माणूस खाली उभा राहतो आणि हातातल्या रिमोटने ते चालवितो.

माझा मामेभाऊ कॉलेजात शिकतो. त्याने असे ग्लायडर घेतले आहे. यंदा भाऊबीजेला तो मामांबरोबर आमच्याकडे आला तेव्हा ते खोक्यात घालून घेऊन आला. ओवाळून झाल्यावर मी ओवाळणीत पैसे नकोत म्हटलं, ग्लायडर कसं जुळवतात ते दाखव म्हटलं. (पैसेही मिळाले.)

ग्लायडर थर्माकोलसारख्या पण चिवट फोमचे आहे. दोन पंख जोडले की टोकापासून टोकापर्यंत दीड मीटर भरतात. सगळे मिळून वजन 800 ग्रॅम. नाकाशी मोटार व तिला दोन पात्यांचा पंखा. ही पाती मिटणारी असतात. मोटार बंद झाली की ती धडाला चिकटून मागे झोपतात, म्हणजे वारा अडत नाही. धडाच्या पोटात बॅटरी, रिमोटचे सांगणे ऐकणारा रिसीव्हर आणि सर्व्हो नावाच्या दोन चिमुकल्या मोटारी असतात. एक सर्व्हो शेपटीची उभी पट्टी हलविते, त्याने ग्लायडर डावी-उजवीकडे वळते. दुसरी आडवी पट्टी हलविते, त्याने नाक वर-खाली होते. बस, एवढेच. नावेला सुकाणू असते तसे समजा, फक्त इथे दोन सुकाणू.

बॅटरीबद्दल मात्र नीट वाचा. ही बॅटरी रिमोट-घड्याळात घालतो तसली नव्हे. तिला लिपो म्हणतात. तिच्यात तीन घर असतात, प्रत्येक घर 3.7 व्होल्टचे. 3 गुणिले 3.7 म्हणजे 11.1 व्होल्ट. पूर्ण भरल्यावर एक घर 4.2 व्होल्ट होते. त्याहून जास्त भरली, टोचली किंवा चेपली तर ती पेट घेऊ शकते. म्हणून तिचा चार्जर वेगळा असतो. दादाने बॅटरी ओटीवरच्या लादीवर, मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज केली आणि पूर्ण वेळ तो तिथेच बसला. आजी म्हणाली, "जेवायला तरी ये रे." तो म्हणाला, "तासाभराचं काम आहे आजी, हिला एकटं ठेवायचं नसतं." बॅटरी फुगलेली दिसली तर ती वापरायची नाही. रात्री गादीवर किंवा उशीजवळ चार्जिंग तर कधीच नाही. मोबाईलचेही तसेच, पण आमच्या घरी ते कोणी ऐकत नाही.

आता जुळवणी. दादाने सर्वांत आधी मोटारीचा पंखा काढून बाजूला ठेवला. कारण जुळवताना चुकून मोटार फिरली तर पाती बोट कापतात. मग आधी रिमोट चालू केला आणि नंतर ग्लायडरची बॅटरी जोडली. हा क्रम पाठ करावा. बंद करताना उलटा, आधी ग्लायडर, मग रिमोट. नाहीतर ग्लायडर जागे आणि त्याला सांगणारा कोणीच नाही असे होते. मोटारीची काडी अगदी खाली असावी लागते.

मग पट्ट्या तपासल्या. ग्लायडरच्या मागे उभे राहायचे. उजवी काडी उजवीकडे नेली की उभी पट्टी उजवीकडे गेली पाहिजे. काडी आपल्याकडे ओढली की आडवी पट्टी वर उठली पाहिजे. उलटी हलली तर रिमोटमध्ये ती सुलटी करता येते. मला वाटलं होतं वर जायचं तर पट्टी खाली दाबावी लागेल. पण तसे नाही. पट्टी वर उठली की वारा शेपटीला खाली ढकलतो, म्हणून नाक वर येते. सी-सॉसारखे.

सर्वांत महत्त्वाचा भाग तोल. तोल चुकला तर बाकी सगळे बरोबर असून उपयोग नाही. पंखाची पुढून मागे रुंदी मोजली, ती 18 सेंटिमीटर भरली. तिचा एक तृतीयांश म्हणजे 6. आपण अपूर्णांक शिकलो तो इथे कामाला आला. पुढच्या कडेपासून 6 सेंटिमीटरवर दोन्ही पंखांखाली पेनने खूण केली. त्या खुणांवर दोन बोटे टेकवून ग्लायडर उचलले. ते सरळ राहायला हवे होते, पण शेपटी खाली गेली. दादाने बॅटरी बोटभर पुढे सरकवली, मग ते तराजूसारखे सरळ झाले. नाक थोडे जड असले तर ग्लायडर आळशासारखे उडते, पण उडते. शेपटी जड असेल तर ते नाक वर करते, हळू होते आणि दगडासारखे पडते.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं झालं तर शाळेच्या मैदानात का नाही उडवलं? मी पण हेच विचारलं. बाईंनीही विचारले होते. आपल्या मैदानाच्या एका बाजूला विजेच्या तारा आहेत आणि तीन बाजूंना माड. शिवाय मुले. 800 ग्रॅम म्हणजे एक लहान सोललेला नारळ. तो वेगाने कोणाच्या डोक्यात बसला तर काय होईल ते आपल्या वाडीतल्या लोकांना सांगायला नको. म्हणून मोकळी जागा लागते. सरकारचे 2021 चे ड्रोन नियमही आहेत. त्यांत आकाशाचे लाल, पिवळे व हिरवे असे भाग केले आहेत. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे 120 मीटरपर्यंत उडविता येते. लाल व पिवळ्या भागात परवानगी लागते. दादाने मोबाईलवर आधी नकाशा पाहिला, मगच आम्ही निघालो.

आम्ही भुईगावच्या समुद्रकिनाऱ्यावर गेलो. वेळ बाबांनी सांगितली. अमावास्येच्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर दुपारी भरती असते आणि संध्याकाळी ओहोटी. म्हणून पाच वाजता पाणी मागे हटत होते व ओली वाळू मोकळी होत होती. माणसे होती त्यापासून आम्ही पुष्कळ लांब चालत गेलो.

वारा समजून घेणे ही मोठी गोष्ट. भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आहेत ना, तेच. दिवसा जमीन तापते म्हणून समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री व पहाटे जमिनीकडून मतलई वारे जातात. पहाटे ग्लायडर सोडले आणि बॅटरी संपली तर वारा ते समुद्रात नेऊन टाकील. संध्याकाळी वारा ते आपल्याकडेच आणतो. म्हणून आम्ही समुद्राकडे तोंड करून उभे राहिलो. चिमूटभर कोरडी वाळू सोडून वारा पाहिला. पंखा परत बसवला होताच.

मोटार पूर्ण चालू करून दादाने ग्लायडर वाऱ्याच्या तोंडावर सरळ ढकलले. वर फेकायचे नाही, सरळच. ते भुर्रकन चढले. अर्ध्या मिनिटात सुमारे 100 मीटर झाले असतील, तेव्हा दादाने मोटार बंद केली. पाती मिटली. एकदम शांत! वारा नसेल तर एवढ्या उंचीवरून ते जवळजवळ एक किलोमीटर तरंगत जाऊ शकते. दोन-तीन मिनिटे ते खाली येत नाही.

सुरूच्या बनावर घारी गोल फिरत होत्या. तापलेल्या जमिनीवरची गरम हवा वर चढते आणि घारी तिच्यावर पंख न हलविता बसतात. दादाने ग्लायडर तिकडे नेले आणि तेही घारींच्या खाली फिरत चढू लागले. मग त्याने रिमोट माझ्या हातात दिला. माझे हात थरथरत होते. तो म्हणाला, "ते तोंड करून आपल्याकडे आलं की डावं-उजवं उलटं वाटतं. जो पंख खाली झुकेल त्याच बाजूला काडी ने, सरळ होईल." तसेच झाले. पण वारा ते बनाच्या मागे नेत होता. ते पार लहान दिसू लागले. मागे सुरूची झाडे आणि पलीकडे घरे. ग्लायडरची किंमत एका चांगल्या सायकलीएवढी आहे, आणि दादाने ते सुट्टीत काम करून घेतले आहे. तो म्हणाला, "समुद्राकडे वळव. आता काडी ओढू नकोस, जरा पुढे दाब." मला वाटले, नाक खाली केले तर झाडांत जाईल. पण वाऱ्याविरुद्ध यायला वेग लागतो, आणि नाक थोडे खाली केल्यानेच वेग येतो. ओढत राहिले असते तर ते एकाच जागी उभे राहून पडले असते. ते हळूहळू मोठे दिसायला लागले. सुरूचे शेंडे ओलांडले तेव्हा मी रिमोट दादाला परत दिला. त्याने वाऱ्याच्या तोंडावर वळवून ते ओल्या वाळूवर पोटावर उतरविले.

त्या दिवशी एकाच बॅटरीवर पाच उड्डाणे झाली. बॅटरी पूर्ण संपवायची नसते, खराब होते. म्हणून दादा घड्याळ लावून थांबला.

रिमोटशिवाय छोटे ग्लायडर आपल्यालाही करता येते. पॅकिंगच्या पातळ थर्माकोलचा 30 सेंटिमीटर लांब व 6 सेंटिमीटर रुंद पंख कापा. पंखाची टोके किंचित वर वाकवा. पतंगाची जाड कामटी घेऊन तिच्या पुढच्या भागावर पंख व मागच्या टोकाला छोटी शेपटी रबराने बांधा. नाकाला ओल्या मातीची गोळी लावा आणि पंखाच्या पुढच्या कडेपासून 2 सेंटिमीटरवर बोटे धरून तोल पाहा. नाक खाली गेले तर माती थोडी काढा, शेपटी खाली गेली तर वाढवा. मी एक केले आहे, ते बाईंच्या टेबलावर आहे. थर्माकोल पुष्कळ उरला आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ज्यांना करायचे असेल त्यांनी फक्त कामटी आणि रबर आणावे.