झडपेच्या जागेला ठिगळ?

प्रश्न : आईची (वय ५२) महाधमनीची झडप बदलायची आहे. सर्जन म्हणतात, महाधमनीचं मूळ अरुंद आहे, रुंद करावं लागेल. म्हणजे हृदय वाढणार का?
– एक वाचक, पारोळा (जि. जळगाव)

उत्तर : नाही हो. हृदय वाढणं हा आजार. इथे फक्त झडप बसवायची जागा रुंद होते. लहान झडप बसवली तर रक्ताला वाट अपुरी पडते, दम लागणं राहू शकतं. म्हणून छेद देऊन हृदयावरणाचं किंवा डेक्रॉनचं ठिगळ शिवतात. निक्स या सर्जननी ही रीत १९७० मध्येच मांडली. वेळ जास्त लागतो, रक्तस्रावाची जोखीमही असते. तेव्हा सर्जनना त्यांचा अनुभव मोकळेपणाने विचारा. यांत्रिक झडप घेतल्यास रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. ती चालू असताना मेथी, पोकळा अशा पालेभाज्या सोडू नका, प्रमाण सारखं ठेवा. खर्चाच्या मदतीला असलेल्या महात्मा फुले योजनेसाठी आरोग्यमित्रांना भेटा. चक्कर येऊन आई पडली, तर मात्र शस्त्रक्रियेच्या तारखेची वाट पाहू नका.